छातीतील कळ आणि कालहरण

कृष्णाकाठच्या आपल्या सातारा-सांगलीकडे छातीत दडपण आले, दरदरून घाम फुटला आणि डावा हात भरून आला, तरी ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून सोडा पिऊन सकाळपर्यंत थांबण्याची जी चाल पडली आहे, ती मला अत्यंत घातक वाटते. कारण हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीने बंद झाली, म्हणजे तो स्नायू क्रमाक्रमाने मृत होत जातो आणि मेलेला भाग पुन्हा सजीव होत नाही. मधुमेही माणसांना व स्त्रियांना तर कित्येकदा कळ न येता केवळ धाप लागते.

हृदयविकाराच्या या झटक्याच्या निदानाचा पहिला आधार म्हणजे हृदयाचा विद्युत्-आलेख, ज्याबद्दल शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो प्रथम निर्दोष निघाला तरी गाफील न राहता पुन्हा काढावा लागतो, हृदयस्नायूच्या इजेची खूण असलेले रक्तातील ट्रोपोनिनही तपासावे लागते. पण मोठे रुग्णालय गाठायचे, तर जतहून मिरज काय किंवा पाटणहून कऱ्हाड काय, पल्ला लांबचा. म्हणून बंद रोहिणी उघडणाऱ्या अँजिओप्लास्टीला विलंब होणार असेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात वेळेवर मिळणे हेच पुष्कळदा जीवदान ठरते.

उपचारांनंतर बरे वाटले म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करू नका, तंबाखू कायमची सोडा आणि असे दडपण आल्यास दिरंगाई न करता रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवा.