दगडांना नावे देणारे कागद



बार्सिलोना शहराच्या जुन्या भागात 'एल बोर्न' नावाचे एक संग्रहालय आहे. बाहेरून पाहता ती भाजीबाजाराची इमारत वाटते, आणि मुळात ती होतीही तशीच. जुझेप फोन्तसेरे यांच्या आराखड्याप्रमाणे १८७६ साली पुरा झालेला हा ओतीव लोखंडाचा बाजार १९७१ पर्यंत चालू होता. आता आत शिरणाऱ्या प्रेक्षकाला गाळे दिसत नाहीत. कठड्याशी उभा राहून तो खाली पाहतो, तेव्हा एक अख्खी पेठ त्याच्या नजरेखाली पसरलेली असते. छाटल्यासारख्या बुटक्या भिंती, फरसबंद गल्ल्या, विहिरी आणि मधून गेलेला पाण्याचा पाट. सुमारे साठ घरांचे हे अवशेष आहेत.

ही घरे भूकंपाने पडली नाहीत, की काळाच्या ओघात ढासळली नाहीत. १७०० साली स्पेनचा राजा दुसरा कार्लोस निपुत्रिक वारला आणि त्याच्या सिंहासनासाठी युरोपभर युद्ध पेटले. फ्रान्सच्या बूर्बाँ घराण्यातील पाचवा फिलिप एका बाजूला आणि हॅब्सबर्ग घराण्याचा आर्चड्यूक कार्ल दुसऱ्या बाजूला, असा तो सामना होता. बार्सिलोनाने कार्लचा पक्ष घेतला. परंतु १७११ मध्ये कार्ल स्वतःच सम्राट झाला. त्याच्या मित्रराष्ट्रांचा उत्साह मावळला आणि १७१३ च्या उट्रेक्ट येथील तहाने मोठ्या सत्तांनी आपापला हिशेब मिटवला. त्या हिशेबात बार्सिलोनाला कोणी धरले नाही. शहर एकटे लढत राहिले. चौदा महिन्यांच्या वेढ्यानंतर, ११ सप्टेंबर १७१४ रोजी ते पडले.

पुढे जे घडले ते लढाईपेक्षा शांतपणे घडले. विजेत्या राजाने शहरावर वचक ठेवण्यासाठी 'सिउतादेया' नावाचा प्रचंड किल्ला उभारण्याचे फर्मान काढले. किल्ल्यासाठी आणि त्याच्या तोफांपुढील मोकळ्या मैदानासाठी रिबेरा या गजबजलेल्या पेठेचा मोठा भाग साफ करण्यात आला. हजाराच्या आसपास घरे गेली. रहिवाशांना आपली घरे आपल्याच हातांनी पाडावी लागली, आणि नुकसानभरपाई मिळाली नाही. १७१६ च्या 'नोव्हा प्लान्ता' फर्मानाने कॅटलोनियाच्या स्वतंत्र संस्था रद्द झाल्या व वरिष्ठ न्यायालयाचे कामकाज कॅस्टिलियन भाषेत गेले.

कालांतराने किल्लाही गेला. १८६९ मध्ये ती जमीन शहराला परत मिळाली, तेथे उद्यान झाले, आणि जुन्या मैदानाच्या एका भागावर बोर्नचा बाजार उभा राहिला. घरांवर मैदान आणि मैदानावर मंडई, अशी ही थरावर थर चढलेली भूमी आहे.

बाजार बंद झाल्यावर ती इमारत पाडण्याचा विचार होता. आसपासच्या नागरिकांनी विरोध करून ती वाचवली. पुढे तेथे एक मोठे सार्वजनिक ग्रंथालय करावयाचे ठरले. या शतकाच्या आरंभी त्यासाठी खोदकाम सुरू झाले, तेव्हा अवशेष किती विस्तीर्ण व किती सुस्थितीत आहेत हे स्पष्ट झाले आणि शहरात वाद उठला. ग्रंथालय की भिंती? एका पक्षाचे म्हणणे असे की, जिवंत माणसांना पुस्तके हवीत, मेलेल्यांचे जोते कशाला? दुसऱ्याचे म्हणणे असे की, हे जोते एकदा पुरले गेले ते पुरे झाले. अखेर भिंती राहिल्या आणि ग्रंथालयाला दुसरी जागा नेमण्यात आली. ११ सप्टेंबर २०१३ रोजी संग्रहालय खुले झाले, तेव्हा ते ग्रंथालय बांधून झालेले नव्हते.

ग्रंथप्रेमी माणसाला ही हकिकत बोचल्याशिवाय राहणार नाही. परंतु या वादाला एक दुसरी बाजू आहे. खोदकामात निघालेल्या भिंती मुक्या होत्या. कोणते घर कोणाचे, कोठे दुकान होते, कोण भाड्याने राहत होते, हे दगड सांगू शकत नव्हते. ते सांगितले कागदांनी. लेखप्रमाणकांच्या दप्तरात खरेदीखते, भाडेपत्रे, मृत्युपत्रे आणि मृत माणसाच्या घरातील चीजवस्तूंच्या खोलीवार याद्या जपून ठेवलेल्या होत्या. आल्बेर्त गार्सिया एस्पुचे यांच्यासारख्या इतिहासकारांनी वर्षानुवर्षे ती दप्तरे चाळली आणि एकेका जोत्याला त्याचा धनी मिळवून दिला. तो कागद जपला नसता, तर संग्रहालयाच्या हाती केवळ दगडगोटे उरले असते. ज्या जागेने ग्रंथालय गमावले, तिला बोलती केली ती दप्तरखान्याने.

आणि ती बोलते काय? वेढ्याच्या तोफगोळ्यांखेरीज येथे हॉलंडहून आलेल्या मातीच्या चिलमी मिळाल्या, चॉकलेट पिण्याचे छोटे पेले मिळाले, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. जुगाराचे अड्डे होते, चेंडूच्या खेळांची आवारे होती. म्हणजे येथे हुतात्मे होण्यासाठी जन्मलेली माणसे राहत नव्हती. व्यापार करणारी, भाडे थकवणारी, सायंकाळी पत्ते कुटणारी माणसे राहत होती. त्यांचे नुकसान कळते ते यामुळेच.

संग्रहालयासमोर १७.१४ मीटर उंचीच्या स्तंभावर कॅटलन ध्वज उभारला गेला. ती उंची म्हणजे पराभवाचे वर्षच होय. ११ सप्टेंबर हा कॅटलोनियाचा राष्ट्रीय दिन आहे. साहजिकच या जागेला अनेकांच्या मनात पावित्र्य आले. २०१६ च्या ऑक्टोबरात हुकूमशाहीच्या खुणांविषयीच्या एका प्रदर्शनासाठी फ्रँकोचा शिरविरहित अश्वारूढ पुतळा संग्रहालयासमोर ठेवला गेला, तेव्हा लोकांनी त्यावर अंडी व रंग फेकले, शेवटी तो खाली पाडला, आणि काही दिवसांतच तो हलवावा लागला. उलट, या वास्तूत अभिमानाला फार जागा मिळाली आणि गुंतागुंतीला थोडी, अशीही टीका झाली. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. कॅटलन लोकांतही फिलिपचे समर्थक होते, सेर्वेरासारखी गावे त्याच्या बाजूस होती. शहराची कहाणी १७१४ ला संपलीही नाही. त्याच शतकात बार्सिलोनात छापील सुती कापडाचा उद्योग भरभराटीस आला. भारतीय छिटांच्या धर्तीवर निघणाऱ्या त्या कापडाला तेथे 'इंदियानेस' म्हणत.

म्हणून अशा संग्रहालयात जाणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ध्वज आजच्या माणसांची इच्छा सांगतो, आणि तिचा आदर करावा. यादी मात्र त्या काळच्या माणसांचे घर सांगते: इतक्या खुर्च्या, इतकी भांडी, एक जुना पलंग. प्रेक्षकाने आधी यादी वाचावी व मग ध्वजाकडे पाहावे. ज्या समाजाने आपली दप्तरे सांभाळली, त्याची घरे पाडता येतात, परंतु त्या घरांची नावे पुसता येत नाहीत.