ओळख कोणी दिली?



तोतया मालक उभा करून जमीन विकण्याचे प्रकार आपल्या वकील व दस्तलेखकांपैकी कोणालाच नवे नाहीत. हेरला जाणारा मालक ठरलेला असतो. गावचे घर बंद ठेवून मुंबईत राहणारा, मुलांकडे परदेशी गेलेला, बिनशेती प्लॉट घेऊन वर्षानुवर्षे तिकडे न फिरकलेला, नाहीतर वारलेला, पण सातबाऱ्यावर अजून नाव असलेला. गोव्यात बनावट कागदांवर जमिनी हडपल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा चौकशी आयोग नेमावा लागला.

लोकांना वाटते, नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकी तपासली. तसे नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दुय्यम निबंधक पाहतो ते हे, की लिहून देणाऱ्याने दस्त कबूल केला का आणि तो माणूस तोच आहे का. जमीन त्याचीच आहे का, याचा निवाडा तो करत नाही. तमिळनाडूने आधीचा मूळ दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी नाही, असा नियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तो कायद्याबाहेरचा ठरवला. एकदा नोंदलेला दस्त निबंधकाला आपल्या अधिकारात रद्द करता येत नाही, हे २०१६ च्या सत्यपाल आनंद निकालाने सांगितलेच आहे.

म्हणजे सगळा भार येतो तो माणूस तोच आहे का, या एका प्रश्नावर. निबंधकाच्या कचेरीत फोटो निघतो, अंगठा घेतला जातो. पण कॅमेरा समोर बसलेल्याचा चेहरा टिपतो. हा चेहरा मालकाचा आहे, हे ओळख देणारे दोघे सांगतात. लिहून देणाऱ्याला आपण व्यक्तिशः ओळखतो, असे निवेदन त्यांच्या नावावर छापले जाते. हे दोघे कोण असतात? कचेरीबाहेर दिवसभर उभा असणारा इसम, आपल्याच टेबलावरचा कारकून, कधी आपल्यातलाच एखादा वकील. सकाळी पहिल्यांदा दिसलेल्या पक्षकाराला दुपारी व्यक्तिशः ओळखले जाते. या रिवाजाची मला मनापासून चीड आहे. तोतयेगिरीला आणि तिला साथ देणाऱ्याला कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण कैदेच्या भीतीआधी आपल्याला त्या खऱ्या मालकाची काळजी वाटली पाहिजे.

कारण खोट्या सहीने मालकी जात नाही, हे कायद्याचे उत्तर त्याच्या फार उपयोगी पडत नाही. दावा त्यालाच लावावा लागतो, मनाई त्यालाच मागावी लागते. तोवर जमीन तिसऱ्याला विकलेली असते, तिच्यावर कर्ज काढलेले असते. सत्तरी ओलांडलेल्या विधवेने हे सगळे कोणाच्या आधाराने करायचे?

मालकाला सावध होण्याची एक संधी फेरफाराच्या वेळी मिळते. महसूल संहितेच्या कलम १५० खाली हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. पण नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन पडते. म्हणून पक्षकाराला सांगा, ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर आपल्या गावचे फेरफार पाहत जा, सूची दोनचा शोध अधूनमधून घ्या, वारसनोंद लांबवू नका. आणि मुखत्यारपत्र समोर आले, तर ते देणाऱ्याशी स्वतः बोलल्याशिवाय मसुद्याला हात लावू नका. तो हयात आहे का, इथपासून विचारा.

सरकारकडे माझी मागणी आहे, की अभिलेखात मालकाचा मोबाइल क्रमांक जोडावा आणि दस्त नोंदणीला येताच, नोंदणी होण्याआधी, त्यावर संदेश जावा. आपल्यापुरता ठराव मात्र आज दुपारच्या खुल्या अधिवेशनात मी मांडणार आहे: या परिषदेचा कोणीही सदस्य, किंवा त्याच्या कार्यालयातला माणूस, प्रत्यक्ष परिचय नसलेल्या व्यक्तीची ओळख देणार नाही, दिली, तर त्याचे सदस्यत्व जाईल. त्यावर हात वर करून नव्हे, नाव पुकारून मतदान घ्यावे, अशी माझी कार्यवाहांना विनंती आहे.