परदेशी भाषा : फुकट काय मिळते आणि पैसे कशाचे द्यावे लागतात

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त आर.एम.एस. कर्मचाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



महागाई भत्ता आणि पेन्शन यांवर बोलणारे माझ्याहून जाणकार लोक या व्यासपीठावर बसले आहेत. तेव्हा तो विषय मी त्यांच्याकडेच सोडतो आणि तुमच्या खिशातून गुपचूप जाणाऱ्या एका वेगळ्या रकमेबद्दल बोलतो. मुलांच्या जर्मन आणि जपानी भाषेच्या क्लासची फी, हा तो विषय. ज्यांच्या घरी नर्सिंग, आय.टी.आय. किंवा डिप्लोमा झालेले मूल आहे, त्यांना मी कशाबद्दल बोलतो आहे ते वेगळे सांगायला नको.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. माझी मुलगी नर्स आहे. २०२२ साली तिने जर्मनीला जायचे ठरवले. नर्स म्हणून तिकडे मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ या पातळीपर्यंत जर्मन यावे लागते. शहरातल्या एका क्लासने ‘परीक्षा पास, व्हिसा पक्का’ अशी पाटी लावली होती. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण असे क्लास गल्लोगल्ली आहेत. निवृत्तीच्या पैशातले अठ्ठेचाळीस हजार मी तिथे भरले. त्यांनी तिला स्पायरल बाइंडिंगच्या तीन जाड वह्या दिल्या. एका रात्री झोप येईना म्हणून मी त्या चाळत बसलो. पानांच्या खालच्या कडेला अर्धवट कापलेली काहीतरी छापील खूण होती. चाळीस वर्षे अर्धवट पुसलेले पत्ते वाचून पत्रे लावली आहेत मी. अर्धे अक्षर दिसले की मला उरलेले अर्धे दिसते. ती खूण ‘डॉइचे वेले’ची होती. मुलीच्या मोबाईलवर शोधले, तर तेच धडे, तेच फोटो, तेच प्रश्न. वर आवाज आणि चित्रफीतही, आणि सगळे फुकट. आम्ही अठ्ठेचाळीस हजार रुपये झेरॉक्सचे दिले होते.

डॉइचे वेले म्हणजे जर्मनीची परदेशांसाठीची सार्वजनिक नभोवाणी, जशी आपली आकाशवाणी. तिचा खर्च तिथल्या करदात्यांच्या पैशातून चालतो. जर्मन शिकवणे हे तिच्या कामातच येते, म्हणून ती फी घेत नाही. ‘निकोस वेग’ नावाचा तिचा पाठ्यक्रम अगदी पहिल्या पायरीपासून, म्हणजे ए-१ पासून बी-१ पर्यंत जातो. निको नावाचा तरुण जर्मनीत उतरतो, त्याची बॅग हरवते, आणि त्या धांदलीतून भाषा शिकवत नेली आहे. नोंदणी न करताही तो पाहता येतो. पुढच्या पायरीवर सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत, सोबत त्यांचा छापील मजकूर. माझी मुलगी भाजी चिरताना त्या ऐकत असे, आणि हळूहळू मलाही त्यातले चार शब्द कळू लागले.

इथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की फुकट मिळणाऱ्या चांगल्या साहित्यामागे बहुतेक वेळा कुठला तरी सार्वजनिक पैसा असतो. म्हणून मोबाईलवर शोध घेताना ‘जर्मन फ्री’ एवढेच टाकू नका. तसे केले की पहिल्या पानावर जाहिरातदारच येतात. त्या देशाची सरकारी नभोवाणी कोणती, त्याची भाषा-प्रसाराची संस्था कोणती, हे आधी शोधा आणि तिच्या दारात जा. जपानचे उदाहरण घ्या. तिथली एन.एच.के. ही नभोवाणी ४८ धड्यांचा सोपा जपानी पाठ्यक्रम देते, आणि तो हिंदीतूनही आहे. जपान फाउंडेशन या संस्थेचे ‘इरोदोरी’ हे पुस्तक आवाजासह फुकट उतरवून घेता येते. दुकानात जाणे, कामावर उशीर झाल्याचे सांगणे, डॉक्टरकडे दुखणे सांगणे, असे रोजच्या जगण्यातले धडे त्यात आहेत. फ्रेंचसाठी आर.एफ.आय. ही फ्रान्सची नभोवाणी सोप्या फ्रेंचमध्ये दहा मिनिटांच्या बातम्या देते, मजकुरासकट.

अमेरिकन सरकारनेही आपल्या वकिलातीतल्या लोकांसाठी पूर्वी भाषांचे पाठ तयार केले होते. सरकारी असल्यामुळे ते सर्वांना खुले आहेत. पण ते जुने आहेत, टाइपरायटरवर छापलेले, आणि त्यांतली माणसे एकमेकांशी वकिलातीच्या मेजवानीतल्यासारखी बोलतात. वाक्ये घोटून घेण्यासाठी उत्तम, पण सुरुवात त्यांनी करू नये.

फ्रेंचचे नाव निघालेच आहे तर टपालवाल्यांना एक आठवण करून देतो. जागतिक टपाल संघ १८७४ मध्ये बर्नला स्थापन झाला, भारत त्यात १८७६ मध्ये आला, आणि त्या संघाची अधिकृत भाषा फ्रेंच आहे. इंग्रजी ही तिथे कामकाजाची भाषा झाली ती १९९४ पासून. हवाई पत्रावरच्या निळ्या चिकटपट्टीवर ‘पार आव्हियाँ’ असते ते त्यामुळेच. परदेशी रजिस्टर पत्रावरचा ‘आर’ हा ‘रकोमांदे’ या फ्रेंच शब्दातला आहे. आपण अनेक वर्षे फ्रेंच हाताळली आणि कुणी आपल्याला ते सांगितले नाही. रेल्वेवाल्यांनी फार हसू नये. तुमचे एल.एच.बी. डबे तीन जर्मन आडनावांवरून आले आहेत : लिंके, होफमान आणि बुश.

आता मराठी माणसाला भीती कशाची वाटते ते पाहू. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत हे कळले की मुले डोक्याला हात लावतात, आणि क्लासवाले त्या भीतीवर फी वाढवतात. अहो, आपल्याकडे काय दोन आहेत? हिंदीवाल्याला दोन, इंग्रजीवाल्याला नामाच्या लिंगाची कटकटच नाही. पण तो, ती, ते हे तर आपण आईच्या मांडीवर शिकलो. टपालातलेच शब्द घ्या. डेअर ब्रीफ म्हणजे पत्र, डी पोस्ट म्हणजे टपाल, दास पाकेट म्हणजे पार्सल. पहिले पुल्लिंगी, दुसरे स्त्रीलिंगी, तिसरे नपुंसकलिंगी. रेल्वेतले घ्या. डेअर त्सूग म्हणजे गाडी, डी बान म्हणजे रेल्वे, दास ग्लाइस म्हणजे रूळ. आपली गाडी ‘ती’, त्यांची ‘तो’, एवढाच गोंधळ. प्रत्येक शब्द लिंगासकट पाठ करावा लागतो हे खरे, पण वस्तूला लिंग असते ही कल्पना आपल्याला कुणी समजावून द्यावी लागत नाही.

जपानीचे तर त्याहून सोपे. ‘वाताशि वा एकि नि इकिमासु’, यात वाताशि म्हणजे मी, एकि म्हणजे स्टेशन, नि म्हणजे आपला ‘ला’ प्रत्यय, आणि इकिमासु म्हणजे जातो. मी स्टेशनला जातो. शब्दांचा क्रम मराठीचाच, क्रियापद शेवटी, आणि नामाच्या मागे प्रत्यय. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला वाक्य उलटे करावे लागते, आपल्याला लागत नाही. लिपी मात्र अवघड आहे, त्यात मी कुणाला खोटा धीर देणार नाही. तिच्यासाठी रोज वही आणि पेन्सिल लागते.

आता दुसरी बाजू. मी घरी सांगितले की पुढचा एक पैसाही क्लासला द्यायचा नाही. मुलीने वर्षभर मोबाईलवर अभ्यास केला आणि बी-२ च्या परीक्षेला बसली. वाचन पास, ऐकणे पास, लेखन पास, बोलण्यात नापास. चूक माझी होती. फुकटच्या साहित्यात ऐकायला आहे, वाचायला आहे, लिहायला आहे, पण उलट उत्तर देणारे माणूस नाही. ग्योटे संस्थेच्या त्या परीक्षेत दोन उमेदवारांना एकमेकांशी चर्चा करावी लागते. माझी मुलगी वर्षभर भिंतीशी बोलली होती. एक बरे, की ही परीक्षा भागाभागांनी देता येते, त्यामुळे फक्त बोलण्याचा भाग पुन्हा द्यावा लागला. मग तिने दुसऱ्या गावच्या एका नर्सशी रोज रात्री अर्धा तास फोनवर फक्त जर्मनमध्ये बोलायचे ठरवले. दोघीही चुकत, पण बोलत. शेवटच्या महिन्यात फक्त संभाषणासाठी एका बाईंकडे तासावर पैसे देऊन गेली. तेवढे पैसे योग्य जागी गेले असे मी म्हणेन. दुसऱ्या खेपेला पास झाली.

म्हणजे पैसे द्यायचे ते परीक्षेच्या फीचे, आणि लागलेच तर बोलण्याच्या सरावाचे. वह्यांचे नाही. परीक्षेचे नमुना-पेपरसुद्धा परीक्षा घेणारी संस्थाच आपल्या संकेतस्थळावर फुकट देते. अभ्यास सुरू करण्याआधीच तो पेपर डोळ्यांखालून घालावा. जपानीची जी मोठी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, तिच्यात बोलण्याचा पेपर नाही. म्हणून ती पास झालेला मुलगा तिकडे उतरल्यावर गप्प बसतो, असेही होऊ शकते.

‘फुकट’ या शब्दाचीही परीक्षा करा. सात दिवस फुकट असे म्हणून जो कार्डाचा नंबर मागतो किंवा यू.पी.आय.वर ऑटोपेची परवानगी मागतो, तो आठव्या दिवशी पैसे कापतो. खेळासारखी जी ऍप आहेत त्यांनी शब्द पक्के होतात, रोजची सवय लागते, पण जाहिराती मध्ये येतात आणि बोलता येत नाही. शब्द पाठ करण्यासाठी ‘अंकी’ नावाचे चिठ्ठ्यांचे साधन आहे. विसरत आलेला शब्द ते नेमका पुन्हा समोर आणते. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते फुकट आहे, आयफोनवर मात्र विकत.

हे सगळे आत्ताच का सांगतो? २०१९ मध्ये जपानने परदेशी कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला आणि २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत करार केला. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिशांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. असे आकडे वर्तमानपत्रात आले की दलाल आपल्या कॉलन्यांभोवती घिरट्या घालू लागतात, कारण आपल्याकडे भविष्य निर्वाह निधी असतो हे त्यांना ठाऊक आहे. परदेशी भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते, ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जी.एस.टी. एवढेच घेता येते, आणि त्याची पावती मागायची. ‘भाषा प्रशिक्षण’ या नावाखाली वरचे लाख-दीड लाख काढले जातात, म्हणून हा सगळा पाढा मी वाचला.

संघटनेकडे माझे मागणे छोटे आहे. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये कॅरमचे बोर्ड आहेत, संध्याकाळी सातनंतर एक खोली रिकामी असते. टपाल कार्यालयांतल्या मनोरंजन कक्षाचेही तेच. तिथे आठवड्यातून दोनदा पाच-सहा मुलांनी बसून एक धडा एकत्र ऐकावा आणि मग तासभर त्या भाषेतच बोलावे. वेगळ्या मास्तरांची गरज नाही, एक पायरी पुढे असलेला मुलगा पुरे. ज्यांच्या घरी इंटरनेट नीट चालत नाही त्यांना स्टेशनवरच्या रेलटेलच्या वाय-फायवर पहिला अर्धा तास फुकट मिळतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला ते सुरू झाले, आज हजारो स्टेशनांवर आहे. धडे तिथे उतरवून घ्यावेत आणि घरी ऐकावेत. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना तर याची जास्त गरज आहे. इटारसी, बिलासपूर, गुंतकल अशा जंक्शनच्या गावी पुण्यासारखी परदेशी भाषेची शाळा शोधून मिळायची नाही, पण मोबाईल तिथेही आहे आणि इन्स्टिट्यूटही.

माझी वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठवली आहे. चहाच्या सुट्टीत मी मागच्या बाकावर बसतो. ज्यांना पहिला धडा उघडून हवा असेल त्यांनी फोन घेऊन यावे, आणि कुणी क्लासला पैसे भरले असतील तर त्यांच्या वह्याही आणाव्यात. पानाची खालची कडा मला एकदा बघायची आहे.