पुरेशी माहिती कोणती?

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली नागरी सेवा पूर्वपरीक्षेत अभियोग्यतेची प्रश्नपत्रिका आणली. २०१५ पासून तीत ३३ टक्के गुण मिळविणे केवळ पात्रतेपुरते आवश्यक ठरले. तीतील ‘माहितीची पर्याप्तता’ हा भाग इयत्ता दहावीच्या दर्जाचा आहे. म्हणूनच आम्हां मॅट्रिक झालेल्या शिक्षकास त्यावर चार शब्द बोलण्याचे धाडस होत आहे.

या प्रश्नांत उत्तर काढावयाचे नसते. दिलेल्या माहितीवरून ते निघू शकेल काय, एवढेच सांगावयाचे असते. पहिले विधान वाचताना दुसरे हाताने झाकावे. दुसरे वाचताना पहिले विसरावे. दोन्ही एकेकटी अपुरी ठरली, तरच ती एकत्र पाहावीत.

उदाहरण घेऊ. वही १७ रुपयांस व पेन ५ रुपयांस मिळते. या दोनच वस्तू घेतल्या, तर वह्या किती? पहिले विधान : एकूण ६१ रुपये झाले. दुसरे विधान : एकूण ५ वस्तू घेतल्या. उतावळा विद्यार्थी म्हणेल, अज्ञात दोन, तेव्हा विधानेही दोन हवीत. परंतु वह्या पूर्णांकीच असणार! एक, दोन वा एकही वही न घेता उरलेल्या रकमेस ५ ने भाग जात नाही. ३ वह्या घेतल्या तरच १० रुपये उरून २ पेने येतात. पहिले विधान एकटेच पुरेसे आहे. अशा पूर्णांकी उत्तरांचा विचार भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’तील कुट्टक प्रकरणात केला आहे.

दुसरा सापळा असा. ‘संख्या सम आहे काय?’ विधान : तिला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते. उत्तर निश्चित ‘नाही’ असे येते. म्हणजे माहिती पुरेशी आहे. ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांत महदंतर आहे.

हे अंतर आम्हांस स्वतःस उशिरा कळले. सुमारे तीस वर्षांपूर्वी पाथर्डी तालुक्यात असताना चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी आम्ही मुले निवडीत होतो. एक मुलगा दिवाळीनंतर शाळेत दिसत नसे आणि परतल्यावर त्यास पाढे आठवत नसत. या दोन विधानांवरून आम्ही त्यास मंदबुद्धी ठरविले व यादीतून वगळले. परीक्षा होऊन गेल्यावर त्याच्या वडिलांकडून समजले की, ऊसतोडीवर टोळीच्या मोळ्यांचा सारा हिशेब तोच तोंडी ठेवीत असे. पुढील वर्षी तो शाळेत परतला नाही. आमची माहिती अपुरी होती. निकाल मात्र आम्ही पक्का दिला होता.

तेव्हा पालकहो, ‘आमचा मुलगा गणितात कच्चाच’ असे म्हणण्यापूर्वी आपणांपाशी विधाने किती व ती पुरेशी आहेत काय, हे पाहावे. आणि विद्यार्थिमित्रहो, जेथे माहिती अपुरी असेल तेथे ‘सांगता येत नाही’ असे निर्भयपणे लिहावे. त्यासही पूर्ण गुण असतात.