परक्याचं धन



शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द लॉटरी’ ही कथा २६ जून १९४८च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली आणि वाचक खवळले. उन्हाळ्यातली सकाळ, गावचा चौक, चिठ्ठ्यांची काळी पेटी. ज्या घराचं नाव निघेल त्या घरातलं एक माणूस गाव दगडांनी ठेचून मारतं. का, तर रिवाज आहे! त्या उन्हाळ्यात तिला ३००च्या वर पत्रं आली. पुढे एका व्याख्यानात तिनं त्यांचा हिशेबच मांडला. गोड बोलणारी फक्त १३, तीही बहुतेक मित्रमंडळींची. बाकी गोंधळ, तर्क आणि शिव्या. काहींना तर ही सोडत कुठं निघते आणि बघायला जाता येईल का, एवढंच हवं होतं.

कथा सुचली कशी? ती सांगते, मुलीला बाबागाडीत बसवून, वाणसामान घेऊन टेकडीचा चढ चढत होते, तेव्हा. घरी येऊन मुलीला खेळायला बसवलं, भाजी जागेवर ठेवली आणि लिहायला बसले. हीच बाई मासिकांतून पोरांच्या खोड्यांवर खुसखुशीत लेखही लिहायची. मला त्यात विसंगती वाटत नाही. माल एकाच घरातला आहे.

बहुतेकांना त्या कथेत क्रूर गाव दिसतं. मला घर दिसतं. हचिन्सनांचं नाव निघताच आई टेसी ओरडते, लग्न झालेल्या लेकीलाही आमच्यात धरा. माणसं वाढली की आपल्यावरची पाळी टळण्याची आशा वाढते ना! उत्तर मिळतं, लेकी नवऱ्याच्या घराबरोबर चिठ्ठी उचलतात. लेक म्हणजे परक्याचं धन, हे ऐकत वाढलेल्या आपल्याला तो नियम कुणी समजावून सांगायला नको. मग त्या घरातलं प्रत्येकजण चिठ्ठी उचलतं. थोरली दोन मुलं आपापली कोरी चिठ्ठी बघून हसतात. काळ्या ठिपक्याची, म्हणजे मरणाची, चिठ्ठी नवरा टेसीच्या मुठीतून ओढून काढतो. धाकट्या डेव्हीच्या हातात कुणीतरी चार खडे देतं.

नापसंती कळवणाऱ्यांत शर्लीची स्वतःची आईही होती. आम्हा दोघांनाही तुझी गोष्ट मुळीच आवडली नाही, लोकांना जरा बरं वाटेल असं काही लिहीत जा, अशा अर्थाचं तिनं लेकीला कळवलं. व्याख्यानात शर्ली हे मिश्कीलपणे सांगते. पण सांगते आधी; अनोळखी वाचकांची पत्रं त्यानंतर.