बाखेंगच्या टेकडीवर

श्रोतेहो, कंबोडियात अंकोरला गेलात, तर एक संध्याकाळ प्नोम बाखेंगसाठी राखून ठेवा. ‘प्नोम’ म्हणजे डोंगर; हा मात्र जेमतेम ६५ मीटरांचा! इ. स. ८८९ मध्ये गादीवर आलेल्या यशोवर्मन राजाने यशोधरपूर वसविले, त्याच्या मधोमध हे शिवमंदिर. टेकडीचा माथाच तासून पायऱ्या काढल्या आणि त्यांवर वालुकाश्म बसविला.

वर जाताच लोक पश्चिमेकडे तोंड करून बसतात. तुम्ही आधी मंदिराकडे पाहा. मधल्या शिखराभोवती तळाशी ४४, पाच टप्प्यांवर ६० आणि माथ्यावर ४ अशी १०८ लहान शिखरे होती; पुष्कळशी आता ढासळली आहेत. फिल्योझा या फ्रेंच पंडिताने १९५४ मध्ये दाखविले, की कोणत्याही बाजूच्या मध्यावरून त्यांतली ३३च दिसावीत, अशी ही रचना. मेरूवरचे तेहतीस देव! गुरुजींनी मुलांकडून हा हिशेब जरूर करवून घ्यावा.

गर्दीच्या पायांनी दगड झिजू लागला, म्हणून एका वेळी ३०० जणांनाच वर सोडण्याचा नियम झाला. रांगेतच सूर्य बुडाला तरी कुरकुर नको. मला तर नियम थोडा उशिराच आला असे वाटते. वेळेत पोचलात, तर पश्चिमेला आठ किलोमीटर लांबीच्या जुन्या तलावावर ऊन तांबूस होताना दिसेल. बॅटरी मात्र विसरू नका. उतरायची वाट झाडीतून आहे.