आपल्या ताटातलं वाणगाव

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात महिला मंडळातर्फे केलेलं भाषण)



"पारंपरिक खाद्यसंस्कृती" या विषयावर पाच मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. शब्द फार मोठा आहे. मी आपली माझ्या ओट्यावरचं बोलणार. आणि शेवटी एक मागणी करणार आहे, तेव्हा सेक्रेटरी साहेबांनी वही उघडी ठेवावी!

२००० साली आम्ही इथे ताबा घेतला. ह्यांची नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत. माझं माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. म्हणजे ज्वारी, बाजरी, मटकी आणि शेंगदाण्याचं कूट. वाणगाव स्टेशनला उतरले तेव्हा हिरव्या मिरचीच्या गोण्याच गोण्या दिसल्या. म्हटलं, चला, एक तरी ओळखीचं माणूस भेटलं.

पहिली फजिती भाकरीची. इथे घरोघरी तांदळाची भाकरी. मी ज्वारीसारखं पीठ मळून थापायला गेले, तर तव्यावर टाकायच्या आत तुकडे. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि आत येऊन उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढून दाखवली. "गरम असतानाच मळ, हात भाजू दे थोडा," म्हणाल्या. या काकू चिंचणीच्या, कोळीवाड्यातल्या. त्यांचं नाव घेत नाही, त्या पहिल्या रांगेत बसल्यात आणि मला डोळे वटारतायत.

दुसरी फजिती शेवळांची. पाऊस पडायच्या सुमारास स्टेशनबाहेर आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, त्यात हे शेवळांचे जांभळट कोंब असतात. मी एक जुडी घेतली. ती बाई म्हणाली, "काकड पण घे बाय, नाय तं घसा खाजंल." मला वाटलं, दोन रुपये जास्त काढायचा डाव आहे. नाही घेतले. रात्री आमच्या घरात चौघंही घसा धरून बसलेले! पुढे कळलं की शेवळाच्या आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, आणि भाजी काकडाच्या आंबट फळांबरोबर नाही तर चिंच-आमसूल घालून शिजवायची. शेवळात बारीक सुयांसारखे क्षार असतात, ते टोचतात. शाळेत न गेलेल्या त्या बाईला हे ठाऊक होतं. बी. ए. झालेल्या मला नव्हतं.

तेव्हापासून मी इथलं खाणं नीट बघायला लागले. रानभाज्यांची एक रांगच असते. शेवळं, मग टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब, कंटोळी. श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. थंडीत वाडवळ घरांतली उकडहंडी. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, ओला लसूण, सगळं मंद आचेवर आपापल्या वाफेत शिजतं. वारली घरात नागलीची भाकरी, उडदाचं वरण, आणि जोडीला चिमूटभर सुकी मासळी. यातलं बहुतेक सणासुदीचं नाही. हे रोजचं आहे. जे ज्या दिवसांत हाताशी आहे, ते पोटाला सोसेल असं करून खायचं.

आता तिसरी गोष्ट. ही फजिती नाही, ही माझी चूक आहे.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात काकूंनी गच्चीवर सुके बोंबील आणि जवळा उन्हात घातला. वास खाली आमच्या घरात. मी अर्ज लिहिला, सात जणांच्या सह्या घेतल्या. सर्वसाधारण सभेत ठराव झाला : "गच्चीवर मासळी वाळत घालू नये." काकू एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपली उचलून नेली. माझ्याकडे येणं मात्र थांबवलं नाही. तेच मला जास्त लागलं.

त्या पावसाळ्यात त्यांच्या डब्यातल्या सुकटीला बुरशी आली. सगळी फेकून दिली. ते का, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. जून-जुलैत समुद्रात होड्या जात नाहीत, मासेमारी बंद असते. किनाऱ्यावर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूंवर वाळवतात, पण घरी आणल्यावर मे महिन्यात पुन्हा कडक ऊन द्यावं लागतं, तरच ते पावसाळाभर टिकतात. म्हणजे मी ज्याला वास म्हणत होते, ती त्या घराची पावसाळ्याची बेगमी होती. माझ्या आईनं अंगणात सांडगे-कुरडया घालाव्यात, तसंच. वर्षातले फक्त चार दिवस!

काकूंचा मुलगा बोटीवर आहे. एकदा त्याची बोट अल्बानियाच्या बंदरात थांबली होती, दुर्रेस त्या बंदराचं नाव. परतल्यावर सांगत होता, तिकडेही घरोघरी मक्याची भाकरी, दही, पालक आणि रानातला पाला पातळ पोळ्यांच्या थरांत भरून भाजलेला 'ब्युरेक', आणि थंडीसाठी बरण्या भरून खारवलेल्या भाज्या. पानात भात गुंडाळून शिजवतात, त्याला 'सारमा' म्हणतात. मी म्हटलं, अरे, ही तर आपल्या अळूवडीची चुलत बहीण! तिथे म्हणे पाहुण्याला भाकर, मीठ आणि मन द्यावं असं म्हणतात. मला काकूंची ती पहिली भाकरी आठवली. मन त्यांनी दिलं होतं. मी अर्ज दिला.

आपल्या भागाचं कौतुक होतंय, याचा आनंद आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, वाडा कोलमला २०२१ साली. २०२३ हे तर भरडधान्य वर्ष झालं, आणि आता नागलीची बिस्किटं चकचकीत पुड्यात मिळतात. पण शेवळाबरोबर काकड घ्यायचं, उकड गरम असताना मळायची, याला कोण मानांकन देणार? ते एका बाईच्या हातातून दुसरीच्या हातात गेलं तरच राहील. आमच्या सुना-मुली नोकरी करतात, आठच्या लोकलला पळतात, त्यांना दोष नाही. पण मोबाईलवर उत्तरेकडच्या पनीरच्या वीस पाककृती सापडतात, आणि खालच्या मजल्यावरची उकडहंडी माहीत नसते.

म्हणून माझ्या तीन मागण्या.

एक, तो जुना ठराव रद्द करावा. शाकाहारी घरांची अडचण मला समजते, मीच पहिली तक्रारदार. म्हणून मे महिन्यातले चार दिवस आधी फळ्यावर लिहावेत, सी विंगची मागची गच्ची द्यावी, वर जाळी घालावी. जाळीचा खर्च मी करीन.

दोन, पावसाळ्यात भाजीवाल्या बायकांना गेटबाहेरच्या सावलीत बसू द्यावं. वॉचमन हाकलतो, ते बंद व्हावं.

तीन, महिला मंडळानं एक वही ठेवावी. प्रत्येक घरानं आपला एक रोजचा पदार्थ लिहावा, सणाचा नको. सातारा, पालघर, गुजरात, बिहार, जे असेल ते.

पहिल्या पानावर तांदळाची भाकरी असेल. ती काकू सांगतील, मी लिहीन. आणि काकू, या मे महिन्यात टोपली वर न्यायला मी येते.

जय सहकार!